मागचं चाक कशावर टिकतं? ताकदवान स्पोर्ट बाइकसाठी टायर निवडण्यापासून रेस देण्यापर्यंत

थंडीतली सकाळ होती, घरातून निघून चारच मिनिटं झाली होती. गोल चौकातून बाहेर पडताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, अजून पुरती सरळ झालेली नव्हती, आणि मनगट सवयीने जरा जास्त फिरलं. ओल्या शेवाळावर पाय पडावा तसं मागचं चाक बाहेरच्या बाजूला सरकलं. डॅशवर ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे घसरणारं चाक सावरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा फडफडला, गाडीने कंबरेत एक हिसका दिला आणि परत ओळीत आली. पडलो नाही, एवढंच. बाजूला थांबून हातमोजा काढला आणि मागच्या टायरवर तळवा ठेवला. फरशीसारखा थंडगार. टायर मात्र दहाच दिवसांचा होता, ट्रॅकवर मिरवायच्या जातीचा, आणि त्याच्यासाठी मी दोन महिने पैसे बाजूला टाकले होते.

टायरचा काही दोष नव्हता, निवड माझी चुकली होती. टायर घेताना आपण स्वतःच्या सगळ्यात वेगवान किलोमीटरचा विचार करतो. निवडायचा असतो तो सगळ्यात थंड किलोमीटरसाठी. लिटर क्लासच्या, म्हणजे हजार सीसीच्या आसपासच्या गाडीवर हा हिशेब चुकला की मागचं चाक लगेच सांगतं. लहान गाड्या बऱ्याच चुका पोटात घालतात, ही गाडी घालत नाही. म्हणून हा लेख निवडीपासून हवेपर्यंत, आणि हवेपासून मनगटापर्यंत, क्रमाने लिहिला आहे.

पायरी १ : मागच्या टायरकडून आपण मागतो किती, ते आधी पाहा

रस्त्याला टेकलेला टायरचा भाग नेमका किती मोठा असतो? गाडी आणि चालक मिळून २८० किलो धरा, त्यातलं निम्मं म्हणजे १४० किलो मागच्या चाकावर. हवा ४२ पीएसआय असेल तर ढोबळ हिशेबाने ४७ चौरस सेंटिमीटर येतात. खिशातलं बँकेचं कार्ड ४६ चौरस सेंटिमीटरचं असतं. टायरच्या कवचाचा ताठरपणा धरला तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दोनशे घोड्यांचा जोर रस्त्यावर पोचतो तो साधारण तेवढ्याच रबरातून.

आता इंजिनाकडे या. ११० न्यूटन-मीटर टॉर्क, पहिल्या गिअरमध्ये एकूण घट अकराच्या आसपास आणि चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर. म्हणजे रस्त्यावर साधारण ३८५ किलोचा धक्का. २८० किलोच्या गाडीला हा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सव्वापटीहून जास्त वेग-वाढ देऊ पाहतो. सरळ रस्त्यावर, कोरड्या डांबरावर, तापलेल्या टायरवर मात्र चाक बहुधा घसरत नाही, कारण त्याआधीच पुढचं चाक हवेत जातं. साधारण १.४ मीटरचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आणि चालकासह ६५ सेंटिमीटरवरचा गुरुत्वमध्य असलेली गाडी एक जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढ्या वेग-वाढीच्या, जरा वर गेली की पुढून उठते. म्हणूनच ‘माझ्या गाडीचं मागचं चाक कधी घसरतच नाही’ असं छातीठोक सांगणारे भेटतात. त्यांनी रेस सरळ रस्त्यावर दिलेली असते.

गंमत सुरू होते ती गाडी झुकलेली असताना. टायरकडे एकूण पकड एकच असते. तिच्यातली काही वळणात टिकायला खर्च होते, उरेल तेवढीच रेसला मिळते. ३५ अंश झुकलेल्या गाडीला टिकायला चाकावरच्या वजनाच्या ०.७ पट आडवं बळ लागतं. तापलेल्या चांगल्या टायरची पकड १.२ धरली, तर शाळेतल्या पायथागोरसच्या नियमाने रेससाठी ०.९७ उरतं. तोच टायर थंड असेल आणि पकड ०.८ वर आली असेल, तर उरतं फक्त ०.३९.

हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, पण त्यातलं नातं खरं आहे. पकड एक तृतीयांशाने घटली आणि रेसची जागा साठ टक्क्यांनी गेली. वळणातून बाहेर पडताना मागच्या चाकावर १६८ किलो भार आहे असं धरा. थंड टायर फार तर ६५ किलोचा धक्का झेलेल, आणि इंजिनाकडे पहिल्या गिअरमध्ये आहेत ३८५. म्हणजे सहापट. माझ्या त्या सकाळी मनगट किती फिरलं होतं याचा अंदाज मला नंतर कागदावर आला.

पायरी २ : स्वतःची गाडी चालवायची पद्धत कागदावर मांडा

इथे खोटं बोलायचं नाही, वही आपलीच आहे. महिनाभर प्रत्येक राइडनंतर तीन गोष्टी लिहा: निघताना बाहेर तापमान किती होतं, पहिलं खरं वळण किती मिनिटांनी आलं आणि सलग जोरात गाडी किती वेळ चालली. तिसऱ्या रकान्यात बहुतेकांचे आकडे लाज वाटेल इतके लहान निघतात. मी स्वतःला ‘स्पोर्टी चालवणारा’ समजत होतो. वहीप्रमाणे दीड तासाच्या राइडमध्ये मी फार तर बारा मिनिटं तसा असायचो, आणि तीही सलग नाही.

हे का महत्त्वाचं, तर रबर ठरावीक उष्णतेलाच काम करतं. थंड असताना ते कडक राहतं. डांबराच्या खडबडीत दाण्यांत शिरत नाही आणि दाण्यांना चिकटतही नाही. पकड या दोन गोष्टींतून येते, आणि दोन्हींना रबर मऊ लागतं. कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, बनवणारा हा कामाचा पट्टा कुठे ठेवायचा ते ठरवतो. सिलिका भरपूर असलेलं रबर लवकर जागं होतं आणि ओल्यातही धरतं. कार्बन ब्लॅकवर भर असलेलं ट्रॅकचं रबर उशिरा जागं होतं, पण खूप तापल्यावरही कोसळत नाही. रेसिंगचे बिनखाचांचे स्लिक टायर तर पिटमध्येच ८०-९० अंशांच्या वॉर्मरमध्ये, म्हणजे तापवणाऱ्या वेष्टणात, गुंडाळून ठेवतात. ते घालून दूध आणायला निघालात तर दूध येईल, तुम्ही याल याची खात्री नाही.

बाजारातले टायर ढोबळमानाने चार घरांत बसतात.

स्पोर्ट-टूरिंग: मिशेलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेत्झेलर रोडटेक ०१, ब्रिजस्टोन टी ३२. लवकर तापतात, पावसात शहाण्यासारखे वागतात, खूप टिकतात. लिटरच्या गाडीला हे शोभत नाहीत असा एक समज आहे. मला तो पटत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्या आणि महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्या माणसाला थंड रस्त्यावर सगळ्यात जास्त पकड याच घरातला टायर देतो.

रस्त्याचे स्पोर्ट टायर: डायब्लो रोसो ४, स्पोर्टेक एम ९ आरआर, बॅटलॅक्स एस २३, मिशेलिन पॉवर ६. मागच्या टायरला मधोमध कडक आणि खांद्यांवर मऊ असं दोन कंपाउंडचं रबर बहुधा यांच्यात मिळतं. माझ्या मते दहातल्या सात-आठ चालकांनी इथेच थांबावं. कोरड्या घाटात यांची सीमा रस्त्यावरच्या शहाण्या वेगाच्या बरीच पुढे असते, आणि पहिल्या किलोमीटरलाही ते पूर्ण झोपलेले नसतात.

ट्रॅकचे पण रस्त्यावर चालवता येणारे: डायब्लो सुपरकोर्सा एसपी, रेसटेक आरआर, मिशेलिन पॉवर कप २. खाचा मोजक्या, रबर भरपूर. सुपरकोर्सामध्ये एसपी रस्त्यासाठी आणि एससी शर्यतीसाठी, हा फरक दुकानात नीट पाहून घ्या. एससीच्या पुढचा आकडा जितका लहान तितकं मागचं रबर मऊ. मऊ म्हणजे जास्त पकड असं समजून लोक एससी० कडे हात नेतात. ते मऊपण कामाला येतं ते टायर तापलेला राहील एवढ्या वेगात, सलग फेऱ्या मारल्यावर.

चौथं घर स्लिकचं. ते रस्त्यासाठी नाहीतच, त्यामुळे विषय संपला.

एक वाक्य आकड्यांच्या वेडापायी लिहितो. वर्ल्ड सुपरबाइकमध्ये २००४ पासून सगळे पिरेलीवर आहेत आणि मोटोजीपीत २०१६ पासून सगळे मिशेलिनवर, पण म्हणून दुकानातला टायर तोच असतो असं नाही. पोस्टरवरच्या चॅम्पियनने वापरलेलं रबर तुमच्या शनिवार सकाळसाठी बनवलेलं नव्हतं.

पायरी ३ : साइज, आणि रुंद टायरचा मोह

बाजूच्या भिंतीवर १९०/५५ झेडआर १७ असं लिहिलेलं असतं. १९० मिलिमीटर रुंदी, भिंतीची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के, आर म्हणजे रेडियल, रिम १७ इंचांचा. पुढे ७५ असेल तर टायर ३८७ किलो भार झेलतो, ७३ असेल तर ३६५. कंसातला डब्ल्यू ताशी २७० किलोमीटरच्या वरची परवानगी सांगतो. तुमची गाडी तेवढ्या वेगाची असेल तर तुम्ही कधी तिथे जाणार नसलात तरी हे अक्षर सोडू नका.

लोक फसतात ते मधल्या आकड्यात. १९०/५० आणि १९०/५५ दोन्ही सहा इंची रिमवर बसतात. ५० चा व्यास ६२२ मिलिमीटर भरतो, ५५ चा ६४१. म्हणजे ५५ लावला की गाडीची मागची बाजू साडेनऊ मिलिमीटर उंच होते, पुढचा काटा तेवढा उभा होतो, गाडी वळायला चपळ होते आणि गिअरिंग तीन टक्क्यांनी लांब होतं. खांद्याचा गोलावा जास्त असल्याने झुकल्यावर जमिनीला टेकणारं रबरही वाढतं. जुन्या लिटर बाइक ५० वर यायच्या, त्यांच्या मालकांना हा बदल खूप आवडतो, आणि वळणातून बाहेर पडताना तो कामालाही येतो. मात्र स्विंगआर्म, मडगार्ड आणि साखळी यांना टायर कुठे लागत नाही ना, ते चाक हाताने फिरवून पाहा. वेगात टायर थोडा फुगतो, तेवढी जागा सोडा.

आता २०० चा टायर. दिसायला भारदस्त, यात वाद नाही. पण रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग झुकल्यावर मध्यरेषेपासून जास्त दूर जातो. त्यामुळे त्याच वळणात त्याच वेगाला गाडी जास्त झुकवावी लागते. ज्या गाडीचा रिम, स्विंगआर्म आणि सस्पेन्शन २०० साठीच बनवलेलं आहे तिथे हा हिशेब आधीच जुळवलेला असतो. साडेपाच इंची रिमवर, जिथे १८० शोभतो, तिथे १९० किंवा २०० कोंबला की टायर चिमटला जातो, माथा टोकदार होतो आणि कडेचं रबर जमिनीला लागतच नाही. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

पुढचा आणि मागचा टायर एकाच मॉडेलचे घ्या. कंपनी ती जोडी एकत्र तपासून विकते.

पायरी ४ : बसवणं आणि पहिले शंभर किलोमीटर

भिंतीवरचा बाण फिरण्याच्या दिशेने, नवीन व्हॉल्व्ह आणि बॅलन्सिंग. एवढं डोळ्यांदेखत करून घ्या. दुकानातून निघण्याआधी भिंतीवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनला ते, वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा.

नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघतो तसाच गुळगुळीत असतो. पहिले शंभरेक किलोमीटर सौम्य चालवा आणि झुकवण्याचा कोन हळूहळू वाढवा. सँडपेपर घासणारे, पेट्रोलने पुसणारे लोक आहेत. त्यातलं काही करायची गरज नाही, आणि पेट्रोल तर रबराचं नुकसानच करतं.

पायरी ५ : हवा

सगळ्या लेखातली मला सगळ्यात प्रिय पायरी ही. फुकटात गाडी बदलणारी याच्याइतकी दुसरी गोष्ट नाही, आणि बहुतेक जण इथेच आळस करतात.

आधी स्वतःचा गेज घ्या. पंपावरच्या नळीला लटकवलेल्या गेजने दिवसभरात किती आपटण्या खाल्लेल्या असतात देव जाणे. मी एकदा एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी तोच टायर मोजला, तीन वेगळे आकडे आले, आणि सगळ्यात वरच्या-खालच्यात पाच पीएसआयचा फरक होता. तुमचा गेज एखाद पीएसआय चुकत असला तरी चालतं, रोज तेवढाच चुकला की झालं.

हवा थंड टायरमध्ये मोजायची. थंड म्हणजे गाडी दोन-तीन तास उभी, उन्हात नाही, सावलीत. बऱ्याच लिटर बाइकचं पुस्तक रस्त्यासाठी पुढे ३६ आणि मागे ४२ सांगतं. तिथून सुरुवात करा. ‘पकड हवी तर हवा कमी कर’ हा सल्ला अर्धा खरा आहे. कमी हवेत कवच जास्त वाकतं, वाकल्याने तापतं आणि टेकणारा भागही वाढतो. पण तोच टायर हायवेवर जोरात तासभर पळवला तर वाकून वाकून आतून शिजतो. गाडी डुलते, आणि फार पुढे गेलं तर टायरच जातो. पुस्तकातल्या आकड्याच्या खाली रस्त्यावर जायचं असेल तर टायर कंपनीने त्या मॉडेलसाठी काय म्हटलंय ते आधी पाहा. सामान आणि मागे बसणारं माणूस असेल तर खाली जायचा विचारही नको.

आता एक युक्ती, जिने माझी सगळी पद्धत बदलली. हवेचा गेज हाच तुमचा थर्मामीटर. बंद टायरमध्ये हवा तापली की दाब वाढतो, आणि हे प्रमाण पक्कं असतं: ४२ पीएसआयच्या टायरमध्ये दर दहा अंशांना साधारण दोन पीएसआय. घरून ४२ ने निघालात, घाट चढून वर थांबलात, गाडी उभी करताक्षणी मोजलंत आणि ४६ आले, तर आतली हवा वीस अंशांनी तापली आहे. ४३ च आले तर टायर झोपलेलाच होता, आणि तुम्ही कंपाउंडचे पैसे वाया घालवत आहात. ४९-५० आले तर सुरुवातीची हवा कमी होती, किंवा ओझं आणि वेग त्या टायरच्या मानाने जास्त आहेत. रस्त्यावर साधारण दहा टक्के वाढ मला ठीक वाटते. ट्रॅकवर टायरची जात आणि सुरुवातीचा दाब दोन्ही वेगळे असतात. तिथे ३० ने सुरू करून ३६ ला पोचलेला टायर म्हणजे हवा जवळपास चाळीस अंशांनी तापलेली.

ट्रॅकवर मोजायचं ते सत्र संपल्याबरोबर, पिटमध्ये गाडी शिरताच, हेल्मेट काढायच्या आधी. दोन मिनिटं गप्पा मारल्या की आकडा खाली येतो आणि तुम्ही स्वतःलाच फसवता. गरम टायरमधली हवा सोडून ‘पुस्तकातला’ आकडा गाठायची चूक करू नका. पुस्तकातला आकडा थंड टायरचा असतो. गरम असताना सोडलीत तर उद्या सकाळी टायर चपटा मिळेल.

पायरी ६ : शॉक आणि साखळी

टायर चांगला, हवा बरोबर, तरी वळणातून बाहेर पडताना मागचं चाक रस्ता सोडत असेल तर शॉककडे पाहा. टायरला पकड मिळते ती त्याच्यावर भार असेपर्यंत. खड्ड्याखड्ड्यावर भार कमी-जास्त होत असेल तर पकडही तशीच उडते.

एका मित्राला बोलवा. मागचं चाक उचलून एक्सलपासून सीटखालच्या ठरलेल्या बिंदूपर्यंत अंतर मोजा, मग हेल्मेट-जॅकेटसह राइडचा पूर्ण पोशाख घालून, पाय पेगवर ठेवून बसा आणि परत मोजा. फरक रस्त्यासाठी ३० ते ३५ मिलिमीटरच्या आसपास हवा. फार कमी असेल तर गाडी टणटण उडते. फार जास्त असेल तर रेस दिली की मागून बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि गाडी वळणाबाहेर पळू लागते. लोक त्याला ‘पुढचा टायर धरत नाही’ म्हणतात, आणि टायर बदलतात.

रिबाउंड, म्हणजे दबलेल्या शॉकचं परत वर येणं, फार सावकाश असेल तर एकामागून एक खड्डे आले की शॉक परत वर येतच नाही, दर खड्ड्याला थोडा थोडा खाली दबत जातो. सीटवर जोराने दाबून सोडा: गाडी एकदाच वर येऊन थांबली पाहिजे, नाचायला नको आणि सुस्तीतही नको. एका वेळी एकच स्क्रू, दोन क्लिक, आणि वहीत नोंद. मागची पानं मला माझ्याच हस्ताक्षरात सापडली नसती तर मी तीनदा त्याच जागी येऊन पोचलो असतो. साखळी फार ताणलेली असेल तर शॉक दबला की तीच त्याला अडवते, आणि तुम्ही शॉकला शिव्या घालत बसता. पुस्तकातला ढिलेपणा ठेवा.

पायरी ७ : ट्रॅक्शन कंट्रोल आणि मनगट

ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांचे वेग मोजतं आणि मागचं चाक पुढच्याच्या मानाने जास्त फिरायला लागलं की इंजिनाचा जोर छाटतं. डुकाटी १०९८ आर २००८ साली शर्यतीतली ही व्यवस्था घेऊन रस्त्यावर आली. २०१५ च्या यामाहा आर १ मध्ये सहा-अक्षी सेन्सर आला, त्यामुळे गाडी किती झुकली आहे हे संगणकाला अधिक नेमकं कळू लागलं आणि झुकलेल्या अवस्थेत तो आधीच सावध होऊ लागला. मोठी सोय आहे. पण नसलेली पकड तो निर्माण करू शकत नाही; निसटायला लागलेलं चाक तो सावरतो, एवढंच. वर मी सांगितलेल्या सकाळी त्यानेच मला वाचवलं, आणि म्हणूनच मी त्याच्या भरवशावर नाही.

टायरचा व्यास बदलला की दोन्ही चाकांच्या वेगाचं मूळ प्रमाण बदलतं. ५० वरून ५५ वर गेल्यावर तीन टक्क्यांचा फरक पडतो हे वर पाहिलं. काही गाड्यांत टायर कॅलिब्रेशन असतं, नवा साइज लावल्यावर ते न विसरता करा. नसेल तर कंपनीने मान्य केलेल्या साइजच्या बाहेर जाऊ नका.

हलकीशी घसरण म्हणजे संकट नव्हे. रबर सगळ्यात जास्त ढकलतं तेव्हा चाक रस्त्यापेक्षा थोडं जास्त, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत, फिरत असतं. धोका त्यापुढे, आणि त्याहून मोठा धोका घाबरून रेस एकदम सोडण्यात. चाक बाजूला सरकलेलं असताना रेस सोडली की पकड झटक्यात परत येते, गाडी सरळ व्हायच्या धडपडीत सीटवरच्या माणसाला उडवते. हाच तो हायसाइड. निसटतंय असं वाटलं की रेस आहे तिथेच धरायची किंवा केसभर कमी करायची, आणि गाडी उभी करायची. लिहायला सोपं आहे, मान्य. पण शरीराला हे शिकवायचं असेल तर मोकळ्या मैदानात, मातीवर, लहान गाडीवर शिका. मातीत दोन महिने लोळलेला माणूस डांबरावर शांत असतो.

बाहेर पडताना क्रम असा: आधी वळणाचं टोक दिसू द्या, मग रेस उचला, आणि रेस जेवढी वाढेल तेवढी गाडी उभी होत जाऊ द्या. ३५ अंशांवर तापलेला टायर ०.९७ देतो, ४५ वर तोच टायर ०.६६ वर येतो. दहा अंशांत एक तृतीयांश रेस गेली. म्हणून अंग आतल्या बाजूला लटकवायचं. तेवढ्याच वेगाला गाडी कमी झुकते आणि उरलेली पकड मागच्या चाकाला मिळते. थंड टायरवर एक गिअर वर राहा. दुसऱ्याऐवजी तिसऱ्यात मनगटाची चूक लहान होते.

पायरी ८ : परत आल्यावर टायर वाचा

हात फिरवा, टॉर्च मारा. नीट चाललेला टायर एकसारखा खरखरीत, मॅट दिसतो, बारीक वाळूच्या कागदासारखा. रबर खोल चिरांनी फाटलं असेल, कडा उभ्या राहिल्या असतील, तर टायर न तापताच त्याच्याकडून जास्त काम मागितलं आहे: हवा जास्त होती, किंवा कंपाउंड तुमच्या वेगाला फार कडक आहे. चिकट, तेलकट चमक, रबराच्या बारीक गोळ्या, निळसर झाक दिसली तर उलट. तापून थकला आहे. हायवेचे चालक मधोमध सपाट पट्टी करून ठेवतात. झुकताना त्या पट्टीच्या कडेवरून जाताना गाडी एकदम पडल्यासारखी वाटते. पुढे पकड असते, पण तो क्षण घाबरवतो आणि घाबरलेलं मनगट काय करतं ते वर आलंच आहे.

कडेला उरलेली न घासलेली पट्टी पाहून मित्र चिडवतील. चिडवू द्या. रस्त्यावर त्या पट्टीपर्यंत जाणं ही हुशारी नाही.

पावसाबद्दल थोडक्यात. हवा कमी करू नका. खाचा उघड्या राहायला आणि पाणी बाहेर फेकायला पूर्ण दाब लागतो. रंगवलेले पट्टे, गटाराची झाकणं, डांबराचे चकाकते सांधे गाडी उभी ठेवूनच ओलांडा. पहिल्या सरीनंतरची दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात वाईट, कारण रस्त्यावरचं तेल आणि धूळ तेव्हा वर येतं.

टायर कधी काढायचा? झिजेची खूण पृष्ठभागाला येऊन मिळाली की. दिसायला नवा असला तरी पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे ठेवूच नका. खांद्यावर किंवा भिंतीला पंक्चर असेल तर दुरुस्ती नाही, नवीन. मधोमधचं पंक्चर आतून पॅच लावून नीट जोडलेलं असलं तरी त्या टायरवर पुन्हा फार वेगात जायचं नाही.

माझे ते महागडे टायर आता दुसऱ्या रिमच्या जोडीवर चढवून ट्रॅकसाठी बाजूला ठेवलेत. रोजच्या चाकांवर रस्त्याचे स्पोर्ट टायर आहेत, सीटखाली गेज आहे आणि तिसरी वही भरत आली आहे. त्या गोल चौकातून अजूनही दुसऱ्या गिअरमध्येच जातो, पण थंडीत तिसऱ्यात.